उत्तर विचित्र आले, तर पाटी पुसू नका!

विद्यार्थी मित्रांनो, आणि भित्तिपत्रक वाचायला थांबलेल्या पालकहो,

गणिताचे उत्तर नीटनेटके आले की आपल्याला बरे वाटते. पण कधी उत्तर येते 'साडेआठ शेळ्या'. कधी येते 'उणे पाच कोंबड्या'. कधी तर क्ष आणि य दोघेही नाहीसे होतात आणि पाटीवर '० = १०' एवढेच उरते. अशा वेळी बहुतेक मुले काय करतात? भराभर पाटी पुसतात आणि शेजारच्याच्या वहीत डोकावतात!

आज आपण पाटी पुसायची नाही, असे ठरवू. आधी रीत तपासायची. रीत बरोबर असेल, तर विचित्र उत्तरही आपल्याला काहीतरी सांगत असते. ते काय सांगते, हे शिकणे हाच आजचा पाठ.

दोन साक्षीदार

वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंह जयंती असते. आपल्या गावात श्री लक्ष्मीनृसिंहाच्या दर्शनाला लांबून लोक येतात. समजा, एका घरच्या माणसांनी २ नारळ आणि ३ हार घेतले. त्यांचे १२० रुपये झाले. दुसऱ्या घरच्यांनी त्याच दुकानातून १ नारळ आणि १ हार घेतला. त्यांचे ५० रुपये झाले. तर एका नारळाचा भाव काय आणि एका हाराचा काय?

नारळाच्या भावाला क्ष म्हणू, हाराच्या भावाला य म्हणू.

२ क्ष + ३ य = १२०
क्ष + य = ५०

अशी दोन समीकरणे एकाच वेळी खरी असायला हवीत, म्हणून त्यांना एकसामयिक समीकरणे म्हणतात. दुसऱ्या समीकरणाची दुप्पट करा: २ क्ष + २ य = १००. ती पहिल्यातून वजा करा. क्ष निघून जातो आणि य = २० उरतो. मग क्ष = ३०. नारळ ३० रुपयांना, हार २० रुपयांना.

आता ताळा पाहा. दोन नारळांचे ६०, तीन हारांचे ६०, एकूण १२०. बरोबर. एक नारळ ३०, एक हार २०, एकूण ५०. तेही बरोबर. ताळा दोन्ही समीकरणांत घालून पाहायचा असतो, बरं का! एकातच घालून पाहिला तर तो अर्धाच ताळा झाला.

ही दोन समीकरणे म्हणजे पंचांपुढे उभे राहिलेले दोन साक्षीदार समजा. प्रत्येकाने आपल्याला माहीत असलेली एकेक गोष्ट सांगितली. दोघांचे म्हणणे जुळवले आणि भाव कळला.

एकच साक्ष दोनदा

आता दुसरा साक्षीदार बदलू. समजा, दुसऱ्या घरच्यांनी ४ नारळ आणि ६ हार घेतले आणि २४० रुपये दिले.

२ क्ष + ३ य = १२०
४ क्ष + ६ य = २४०

पहिल्याची दुप्पट करून दुसऱ्यातून वजा करा. क्ष गेला, य गेला, १२० ची दुप्पटही गेली. उरले ० = ०. मुले म्हणतात, "गुरुजी, उत्तर शून्य आले!" नाही. शून्य हे उत्तर नव्हे. भाव शून्य असता तर नारळ फुकट मिळाला असता!

० = ० हे तर नेहमीच खरे असते. त्याचा अर्थ असा, की दुसऱ्या साक्षीदाराने नवीन काही सांगितलेच नाही. पहिल्याचेच बोलणे त्याने दुप्पट करून सांगितले. दोन माणसे आली खरी, पण साक्ष एकच झाली.

मग भाव कोणता? नारळ ३० आणि हार २० जुळते. नारळ ४५ आणि हार १० हेही जुळते. नारळ १५ आणि हार ३० हेसुद्धा जुळते. पैसे आणि पैशाचे तुकडे धरत गेलो तर अशा जोड्यांना अंतच नाही. अशा वेळी 'अनंत उत्तरे आहेत' असे लिहायचे. पण भाव पूर्ण रुपयांतच आहे आणि काहीही फुकट नाही असे ठरवले, तर अनंत जोड्यांतून फक्त १९ उरतात. त्या सगळ्या एका तक्त्यात मांडून पाहा. हार २ रुपये, ४ रुपये, ६ रुपये असे वाढवत न्या. हाराचा भाव विषम का चालत नाही, तेही शोधा.

ही गोष्ट घरातही उपयोगी पडते. एखादी बातमी पाच जणांच्या तोंडून ऐकली, पण पाचही जणांनी ती एकाच माणसाकडून ऐकली असेल, तर साक्षीदार किती? एकच.

साक्षी जुळत नाहीत

पुन्हा बदल करू. समजा, दुसऱ्या घरच्यांनी ४ नारळ आणि ६ हारांचे २५० रुपये दिले.

२ क्ष + ३ य = १२०
४ क्ष + ६ य = २५०

पहिल्याची दुप्पट २४०. ती वजा केली की उरते ० = १०. हे तर कधीच खरे होऊ शकत नाही. म्हणून या समीकरणांना उत्तरच नाही. कोणताही भाव घ्या, दोन्ही हिशेब एकदम जुळायचे नाहीत.

आता नीट लक्ष द्या. 'उत्तर नाही' याचा अर्थ 'दुकानदाराने फसवले' असा होतो का? नाही. समीकरण एवढेच सांगते, की दोन्ही वेळा भाव सारखाच होता आणि दोन्ही आकडे बरोबर आहेत, हे एकदम खरे असू शकत नाही. कदाचित दुपारी हार महाग झाले असतील. कदाचित दहा रुपयांची उदबत्ती घेतली असेल आणि ती सांगायची राहिली असेल. कदाचित बेरीज चुकली असेल. यांतले नेमके काय झाले, ते समीकरणाला ठाऊक नसते. ते आपण जाऊन विचारायचे.

शेतातल्या मजुरीच्या हिशेबात हे फार महत्त्वाचे आहे. हजेरीच्या वहीतले दोन आठवड्यांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, की लगेच शब्दाने शब्द वाढतो. मजुराला वाटते आपला खाडा चुकीचा मांडला, मालकाला वाटते मजूर जास्त मागतो. अशा वेळी वही उघडून आधी विचारावे, की दोन्ही आठवड्यांत रोज सारखाच होता का? मध्ये उचल घेतली होती का? अर्धा दिवस कुणी पूर्ण मांडला का? गणित कुणालाही चोर म्हणत नाही. ते फक्त कुठे विचारायचे ते दाखवते.

रेघांवरून ओळख

आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर नारळाचा भाव मांडा, उभ्या अक्षावर हाराचा. २ क्ष + ३ य = १२० याला जुळणाऱ्या जोड्या मांडल्या, की ते सगळे बिंदू एका सरळ रेघेवर येतात. दुसऱ्या समीकरणाची दुसरी रेघ येते. आता तीनच गोष्टी होऊ शकतात.

एक: दोन्ही रेघा एका जागी छेदतात. आपल्या पहिल्या उदाहरणात त्या (३०, २०) या बिंदूत छेदतात. तेच एकमेव उत्तर.

दोन: एक रेघ दुसरीवर तंतोतंत बसते. त्या रेघेवरचा प्रत्येक बिंदू उत्तर. हे ० = ० चे चित्र.

तीन: दोन्ही रेघा समांतर धावतात आणि कितीही वाढवल्या तरी भेटत नाहीत. उत्तर नाही. हे ० = १० चे चित्र.

हे लक्षात ठेवायला आपल्या गावापेक्षा चांगली जागा कोणती! भीमा भीमाशंकराहून येते, नीरा भोरकडच्या डोंगरातून येते. दोन्ही नद्यांच्या वाटा वेगळ्या, पण भेटतात नरसिंहपुरालाच. नद्या रेघेसारख्या सरळ नसतात हे खरे, पण एक संगम म्हणजे एक उत्तर, असे मनात धरा. संगमाच्या पुढे पंढरपूरकडे जाताना नीरा वेगळी दाखवता येत नाही. ते झाले रेघेवर रेघ बसल्यासारखे. आणि सरळ खोदलेल्या पाटाचे दोन काठ पाहा. कितीही चाला, ते एकमेकांना मिळत नाहीत. ते झाले समांतर.

अर्धी शेळी आणि उणे कोंबड्या

आता एकच उत्तर येते, पण तेच विचित्र असते, असा प्रकार पाहू.

एका वाड्यात शेळ्या आणि कोंबड्या आहेत. डोकी २०, पाय ५६. सगळ्या कोंबड्याच धरल्या तर पाय ४० झाले असते. १६ पाय जास्त आहेत. शेळीला कोंबडीपेक्षा २ पाय जास्त. म्हणून शेळ्या ८ आणि कोंबड्या १२. झकास!

आता पाय ५७ आहेत असे कुणी सांगितले. जास्तीचे पाय १७, म्हणून शेळ्या साडेआठ आणि कोंबड्या साडेअकरा. समीकरण बरोबर सुटले, ताळाही जुळतो. पण वाड्यात अर्धी शेळी कुठून येणार? चार आणि दोन या सम संख्या, म्हणून पायांची बेरीज समच यायला हवी. ५७ हा आकडाच मोजण्यात चुकला आहे, किंवा एखादे जनावर लंगडे आहे!

आणखी एकाने सांगितले, डोकी २० आणि पाय ९०. आता शेळ्या येतात २५ आणि कोंबड्या उणे ५. २५ + (−५) = २०, म्हणजे ताळा जुळला. पण उणे पाच कोंबड्या कुणी पाहिल्या आहेत का? वीसही शेळ्याच असत्या तरी पाय ८० च झाले असते. ९० होणे शक्यच नाही. म्हणून इथले उणे सांगते, की माहिती चुकीची आहे, पुन्हा मोजा.

उणे आले, तरी खरे

मग उणे उत्तर नेहमीच टाकून द्यायचे का? थांबा. हे उदाहरण पाहा.

समजा, शहरात बसून एका गृहस्थाने गणित रचले: 'एक नाव नरसिंहपुराहून भीमेतून उजनी धरणाच्या दिशेला ६ किलोमीटर गेली. जायला दीड तास लागला, परत यायला १ तास लागला. नावेचा स्वतःचा वेग किती आणि पाण्याचा वेग किती?' त्याने मनाशी धरले, की जाताना नाव पाण्याबरोबर गेली.

जाताना वेग ताशी ४ किलोमीटर, येताना ताशी ६. नावेचा वेग न, पाण्याचा वेग प.

न + प = ४
न − प = ६

बेरीज करा: २ न = १०, म्हणून न = ५. आणि प = −१. पाण्याचा वेग उणे एक!

तुम्ही नदीकाठची मुले. तुम्हाला हसू आले असेल. पाणी उजनीकडून आपल्याकडे येते आणि पुढे पंढरपूरला जाते. नाव जाताना पाण्याच्या उलट गेली होती. त्या गृहस्थाने नदी पाहिलेली नव्हती, पण समीकरणाने त्याला बरोबर सांगितले: वेग ताशी १ किलोमीटरच आहे, फक्त तुम्ही धरली त्याच्या उलट दिशेला. म्हणजे इथले उणे चुकीचे नाही. ते दिशा दाखवते.

कोंबड्यांचे उणे टाकायचे, पाण्याचे उणे ठेवायचे. चिन्ह एकच, अर्थ दोन. कोणता अर्थ घ्यायचा, ते आकड्यांकडे पाहून कळत नाही. आपण काय मोजतो आहोत, ते पाहावे लागते. जे मोजायचे त्याला उलट बाजू असते का? पाण्याला असते, देण्याघेण्याला असते, मागच्या-पुढच्या वर्षांना असते. कोंबड्यांना नसते.

भास्कराचार्यांनी काय केले?

हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला. त्याचे 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे भाग प्रसिद्ध आहेत. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, असे त्यात कोरलेले आहे.

आपण क्ष आणि य लिहितो, तसे भास्कराचार्य अज्ञात संख्यांना रंगांची नावे देत. पहिल्या अज्ञाताला यावत्तावत् म्हणत. पुढच्यांना कालक, नीलक, पीतक, म्हणजे काळा, निळा, पिवळा.

'बीजगणित' ग्रंथात दोन मित्रांचे एक कोडे आहे. पहिला म्हणतो, तू मला १०० दिलेस तर माझ्याजवळ तुझ्या दुप्पट होतील. दुसरा म्हणतो, तू मला १० दिलेस तर माझ्याजवळ तुझ्या सहापट होतील. उत्तर आहे पहिल्याजवळ ४० आणि दुसऱ्याजवळ १७०. ताळा तुम्ही करा.

त्याच ग्रंथात माकडांचे कोडे आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करायचे, उरेल त्याचा वर्ग करायचा. तेवढी माकडे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते. माकडे किती? हे वर्गसमीकरण आहे, ते तुम्ही पुढच्या इयत्तेत शिकाल. त्याची दोन उत्तरे येतात: ५० आणि ५. पण माकडे ५ धरली तर पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की उणे २ माकडे! त्यांचा वर्ग ४ येतो आणि गणित जुळते, तरीही भास्कराचार्य म्हणतात की ५ हे उत्तर घेऊ नये. उणे माकडे लोकांना पटत नाहीत.

आता 'लीलावती'तला त्रिकोण पाहा. पाया ९, दुसऱ्या दोन बाजू १० आणि १७. वरच्या टोकातून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन भाग किती? उत्तर येते १५ आणि उणे ६. इथे मात्र भास्कराचार्य उणे टाकत नाहीत. ते सांगतात, उणे म्हणजे उलट दिशेला. लंब पायाच्या आत पडत नाही, बाहेर ६ वर पडतो. मैदानात खडूने आखून पाहा. लंबाची उंची ८ येते.

माकडांचे उणे टाकले आणि त्रिकोणाचे उणे ठेवले. आपल्या कोंबड्या आणि आपली नदी, नेमकी तीच गोष्ट!

पुराच्या वेळी

शेवटचे उदाहरण पालकांनीही वाचावे. पावसाळ्यात उजनी धरणातून भीमेत आणि वीर धरणातून नीरेत पाणी सोडतात. किती सोडले ते क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी. समजा, भीमेतून ६०,००० आणि नीरेतून ४०,००० क्युसेक आले, पण संगमाच्या खाली मोजले तर १,१०,००० भरले. (हे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत.)

भी = ६०,०००
नी = ४०,०००
भी + नी = १,१०,०००

हे जुळत नाही. उत्तर नाही! पण इथे 'आकडा चुकला असेल' म्हणून सोडून देणे धोक्याचे ठरेल. आपण एक गोष्ट धरायची विसरलो. धरण आणि संगम यांच्यामध्ये ओढे-नाले आहेत, आणि धरणाच्या खालीही पाऊस पडतो. ते पाणी तिसरे अज्ञात आहे. शिवाय दोन्ही धरणांचे पाणी आपल्यापर्यंत पोचायला सारखाच वेळ लागत नाही. म्हणून काठावर राहणाऱ्यांनी दोन धरणांच्या आकड्यांची बेरीज करून 'एवढेच पाणी येणार' असे धरून बसू नये. न जुळणारे समीकरण म्हणते, काहीतरी मोजायचे राहिले आहे. ते ऐकले तर घरातले धान्य आणि गोठ्यातली जनावरे वेळेवर उंचावर नेता येतात.

हे ध्यानात ठेवा

१. रीत तपासा, मग दोन्ही समीकरणांत ताळा पाहा.
२. ० = ० आले, तर माहिती कमी आहे. नवी साक्ष आणा.
३. ० = १० असे काही आले, तर माहिती आपापसात जुळत नाही, किंवा काहीतरी धरायचे राहिले आहे. जाऊन विचारा.
४. अपूर्णांक आला, तर त्या वस्तूचा तुकडा होतो का ते पाहा. पाऊण लिटर दूध असते, पाऊण म्हैस नसते.
५. उणे आले, तर त्या गोष्टीला उलट बाजू आहे का ते पाहा.

सोडवून पाहा

(अ) क्ष + य = १० आणि २ क्ष + २ य = २४.
(आ) क्ष − य = ३ आणि ३ क्ष − ३ य = ९.
(इ) वडील ४० वर्षांचे, मुलगा १५ वर्षांचा. किती वर्षांनी वडिलांचे वय मुलाच्या सहापट होईल?
(ई) गाडीत ३० प्रवासी. पूर्ण तिकीट २० रुपये, अर्धे १० रुपये. गल्ला ४५५ रुपये. पूर्ण तिकिटे किती?

आधी स्वतः सोडवा, अर्थ एका वाक्यात लिहा, मगच खाली पाहा.

उत्तरे: (अ) उत्तर नाही. दुसऱ्या समीकरणाची निम्मी केली तर क्ष + य = १२ होते, आणि पहिले म्हणते १०. (आ) अनंत उत्तरे. दुसरे समीकरण म्हणजे पहिल्याचीच तिप्पट. (इ) उणे १० वर्षे, म्हणजे दहा वर्षांपूर्वी. तेव्हा वडील ३० आणि मुलगा ५ वर्षांचा होता. (ई) साडेपंधरा. तिकिटाचे दर १० आणि २०, म्हणून गल्ला दहाच्या पटीतच हवा. गल्ला पुन्हा मोजा.